हाकेच्या अंतरावरची बँक

दुपारचं जेवण झालं की विद्याधर खोपकर हॉलमधल्या फरशीवर आडवा व्हायचा. उशी नाही, चटई नाही. फरशीचा गारवा थेट पाठीला लागला पाहिजे. मनगटावरचं घड्याळ काढून तो छातीवर ठेवायचा, उजवा हात डोळ्यांवर घ्यायचा आणि पडून राहायचा. बँकेत परत जायची वेळ झाली की कुणी न उठवता उठायचा, घड्याळ बांधायचा, चपला पायांत सरकवायचा आणि जिना उतरता उतरता रोज तेच म्हणायचा, "पद्मा, दार लावून घे. मांजर येईल."

मांजर खरंच यायचं. ते सगळ्या बिल्डिंगचं होतं, पण खोपकरांच्या दुधाची वेळ त्याला जास्त पाठ होती. पद्मजा दार लावून घ्यायची, फरशीवर नवऱ्याच्या पाठीचा दमट ठसा वाळताना बघायची आणि मग स्वतःचं पान वाढून घ्यायची. लग्न होऊन मुलुंडला आल्यापासून तिच्या दिवसाचा मध्य हाच होता.

बँक घरापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. एकदा पद्मजा घरात नसताना गॅस संपला आणि माईंना, म्हणजे विद्याधरच्या आईला, नवा सिलिंडर लावता येईना. माईंनी गॅलरीत उभं राहून "विद्याऽऽ" अशी हाक मारली. काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून विद्याधर घरी आला, आणि सिलिंडर कसा लावतात ते त्यालाही येत नाही म्हणून शेजाऱ्याला बोलावून परत गेला. बँकेत दशरथ नावाचा त्याचा सोबती होता. जिभेला हाड नसलेला. तो नंतर कितीतरी दिवस भर गर्दीत हाक द्यायचा, "विद्याऽऽ, तुझी माई बोलावतेय रे!"

पण हसणारे सगळे मनातून जळायचेच. दशरथ बदलापूरहून यायचा. मुलुंडला पोचेपर्यंत त्याच्या शर्टाची इस्त्री संपलेली असायची. विद्याधर मात्र आंघोळीचा साबण अंगावर दरवळत असताना काउंटरवर बसायचा. दुपारी तव्यावरची पोळी थेट पानात. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी. कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नसलं की बायका म्हणायच्या, "खोपकरांसारखा मिळाला पाहिजे बाई, सुखी माणूस."

सुखी होताच तो. चपलांचा आवाज जिन्यात आला की पद्मजा तवा ठेवायची. टॉवेल कुठे असतो हे त्याला शोधावं लागत नसे, कारण तो हातात यायचा. साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, हे त्याला सांगता आलं नसतं. माई तर अजून संत्रं सोलून, फोडीवरचे दोरे काढून त्याच्यासमोर ठेवायच्या. मुलगी जयंती शाळेत जायला लागली तेव्हा ती म्हणाली, "आजी, मी माझं सोलते. तू बाबांचं सोल."

आणि हुशारही होता. बँकेची अधिकारी व्हायची परीक्षा त्याने दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्या भागातून पहिला आला. दोन्ही वेळा नको म्हणाला.

त्या शाखेत नको म्हणण्याचा एक रिवाजच पडून गेला होता. प्रमोशन घेतलं की बदली आली, बदली आली की मुंबई सुटली. एकदा सुटलेली मुंबई परत मिळते असा कुणाचा अनुभव नव्हता. म्हणून परीक्षा पास व्हायचं, चारचौघांत अक्कल सिद्ध करायची, प्रमोशन नाकारायचं आणि त्या आनंदात अख्ख्या शाखेला बटाटेवडे घालायचे. पुढं गेलेल्याला कुणी वडे मागत नसे; त्याला नुसता हार मिळायचा. वडे राहणाऱ्याचे. विद्याधरचे वडे दोन्ही वेळा माईंनी आणि पद्मजानं घरी तळले होते, आणि गरम गरम बँकेत पोचले होते, कारण अंतरच तेवढं होतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी पद्मजा गॅलरीत घातलेल्या कुरडया उचलून आत आली, आणि तिचं लक्ष विद्याधरच्या पायांकडे गेलं. हाताखालचा चेहरा निवांत होता, श्वास संथ होता, पण पायांची बोटं एकसारखी हलत होती. माणूस चालायचा थांबावा आणि चालणं नुसतं बोटांत उरावं, तशी.

"झोप नाही लागली?" तिने विचारलं.

"लागली तर उठवणार कोण?"

"मी आहे की."

"तू आहेस गं," तो हात न काढता म्हणाला. "तू आहेसच."

तो उठून गेल्यावर ती बराच वेळ कुरडया तशाच धरून उभी होती. त्या बोलण्यात कौतुक होतं की आणखी काही, हे तिला ठरवता येईना. त्या दिवसापासून ती रोज दुपारी त्याच्या पायांकडे बघायला लागली. बोटं रोज हलायची.

पुढच्या वर्षी शाखेची तपासणी करायला रत्नप्रभा आली. पूर्वी ती इथेच, विद्याधरच्या शेजारच्या टेबलावर होती. रेकॉर्ड रूममध्ये झुरळ निघालं की दारातून किंचाळायची. मॅनेजरने नाव घेतलं की मान खाली. ती परीक्षा पास झाली तेव्हा सगळे वड्यांची वाट बघत होते. वडे आलेच नाहीत. रत्नप्रभा पार चांदा जिल्ह्यात, जंगलाच्या कडेच्या एका शाखेत निघून गेली. "जाते कसली, आठवड्यात रडत येईल," दशरथ म्हणाला होता. आता तीच साहेब होऊन आली होती, आणि चहा नेऊन द्यायची पाळी दशरथवर आली होती.

विद्याधरने तिला घरी जेवायला आणलं. जिन्यातून बोलण्याचा आवाज वर आला, आणि हा आवाज कुणाचा ते पद्मजाला ओळखू येईना. खणखणीत होता. उन्हाने रापलेली, केस आखूड बांधलेली रत्नप्रभा आत आली आणि सरळ मोरीकडे हात धुवायला गेली.

"वहिनी, पोळी एकच हं. तिकडे भाताची सवय झालीय."

"एकट्याच राहता?" माईंनी विचारलं.

"एकटी, आणि उंदीर." ती हसली. "आता लुना आहे. वसुलीला गावोगाव जाते. दोनदा ओढ्यात पडले, एकदा तर लुना माझ्यावर."

"मग भीती नाही वाटत?" पद्मजानं विचारलं.

"वाटते ना. पहिले काही महिने रोज रडले. तिजोरीच्या किल्ल्या उशाखाली घेऊन झोपायचे. जरा काही वाजलं की वाटायचं, आलं कुणीतरी. एकदा मॅनेजर रजेवर, गावात पुराचं पाणी, दारात कर्ज मागायला माणसं, आणि मी एकटी. वर विचारायला फोन लावला तर लाइनच नाही. मग काय करणार? घेतला निर्णय."

"बरोबर निघाला?" विद्याधरने विचारलं.

"छे! साफ चुकला. मेमो मिळाला मला." रत्नप्रभाने भातावर आमटी ओतून घेतली. "पण खोपकर, एक सांगू? त्या रात्री मी हिशेब केला, इथे मुलुंडला इतकी वर्षं काढली, तेवढ्यात मी एकदाही चुकले नव्हते. चुकण्यासारखं काही केलंच नव्हतं ना."

विद्याधरचा घास हातातच राहिला.

"आणि तू रे? आमच्यात सगळ्यात हुशार तू. दोनदा पहिला आलास. सध्या काय करतोस?"

"वडे खाऊ घालतो," विद्याधर म्हणाला.

सगळे हसले. पद्मजाही हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसत नाहीये.

जेवण झाल्यावर माई संत्री घेऊन बसल्या. रत्नप्रभाने स्वतःचं सोलायला घेतलं. माईंनी विद्याधरसाठी हात पुढे केला, तर त्याने त्यांच्या मांडीवरचं संत्रं उचललं आणि अंगठा खुपसला. रस उडून त्याच्या डोळ्यात गेला. तो डोळा चोळत बसला आणि माई म्हणाल्या, "बघ. म्हणून म्हणते, दे इकडे."

त्या दुपारी तो फरशीवर आडवा झाला नाही.

मग घरात एक अस्वस्थपणा येऊन राहिला. विद्याधर सकाळी उठून चहा करायला जायचा, दूध उतू घालवायचा आणि गॅसजवळ हात बांधून ते खाली ओघळताना बघत बसायचा. मिक्सर बिघडला तर मी बघतो म्हणाला, पेपर पसरून सगळे भाग मोकळे केले, आणि ते भाग मग तसेच डब्यात पडून राहिले. संध्याकाळी बँक सुटली की सरळ घरी यायच्या ऐवजी तो मिठागरांकडे चालत जायचा. तिथे वस्ती संपायची. पुढं नुसते वाफे आणि पांढरे ढीग, त्यापलीकडे खाडी. अंधार पडायच्या आत परत यायचा तेव्हा चपलांना खारट चिखल असायचा आणि जिन्यातला तो ओळखीचा आवाज बदललेला असायचा. पद्मजाचा तव्याचा अंदाज चुकायला लागला.

"तुम्हाला हवंय तरी काय?" एकदा ती चिडून म्हणाली. "आमचं काही चुकतंय का? जेवणात? वागण्यात?"

"नाही गं."

"मग?"

तो गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा होता. समोर बँकेची पाटी दिसत होती.

"मला काही नको आहे, पद्मा. कितीतरी वर्षांत मला काही हवंसंच वाटलेलं नाही. सदतिसाव्या वर्षी माणसाला असं होणं बरं का?"

तिला राग आला होता. मांडलेल्या पानावर बसून कुणीतरी भूक नाही म्हणावं, तसला राग.

शहाऐंशी साली त्याने तिसऱ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाला. या वेळी नको म्हटलं की वयाच्या नियमाने पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. घरात कुणी त्याला काही विचारलंच नाही. माईंनी सकाळीच बटाटे उकडायला लावले. दशरथ आदल्या दिवशीच सांगून गेला होता, "वहिनी, मागच्या वेळी लसूण कमी पडला होता हां."

दुपारी विद्याधर जेवायला आला तेव्हा पद्मजा आलं-मिरची वाटत होती.

"हे काय?"

"वड्यांचं."

तो पाटावर बसला, मग उठला, पुन्हा बसला. "मी हो म्हणून आलोय."

"कशाला हो म्हणालास?" माई म्हणाल्या. त्यांच्या हातात सोललेला बटाटा होता.

"बदलीला, माई."

माईंनी बटाटा परातीत ठेवला आणि पदराला हात पुसत राहिल्या. उकडलेले बटाटे काही परत कच्चे होत नाहीत. शेवटी वडे झालेच. विद्याधर ते घेऊन बँकेत गेला. वडा हातात घेऊन लोक उभे राहिले. अभिनंदन करावं की सांत्वन, कुणाला कळेना. "वडे राहणाऱ्याचे आणि माणूस जाणारा," दशरथ म्हणाला. "हे पचायचे कसे, यार?" पण त्याने चार खाल्ले.

नेमणूक किनवटला झाली. नांदेडच्याही पुढे, महाराष्ट्र संपतो तिथे. जयंतीने शाळेच्या नकाशात शोधून दाखवलं आणि माईंनी नकाशा मिटवला. कॉलनीतली माणसं एकेक करून भेटायला येऊ लागली, दारातच आवाज खाली करून बोलू लागली. माईंचं ब्लडप्रेशर वाढलं. "त्याला चहा येत नाही," त्या येईल त्याला सांगायच्या. "त्याला साधं संत्रं सोलता येत नाही हो."

पद्मजा सगळ्यांना चहा करून द्यायची. तिची भीती वेगळी होती. विद्याधर तिकडे कसा राहील, हा विचार तिने करून बघितला, पण तो फार लांब जाईना. तो परत परत इथेच यायचा, दुपारच्या वेळेला, तव्याजवळ. जिन्यात चपला वाजल्या नाहीत तर आपण पोळ्या कुणाच्या अंदाजाने लाटायच्या? दोघं-तिघं तिला म्हणाले, "तुम्ही एवढं करता त्यांचं, आणि ते चालले." ते तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. एवढं करूनही जावंसं वाटतं, म्हणजे आपल्या करण्यात काय होतं?

एक दिवस सकाळीच ती घाटकोपरला भावाकडे गेली. भाऊ तिच्याहून मोठा. त्याच बँकेच्या युनियनमध्ये त्याचं वजन होतं. बदल्या करून आणणं आणि रद्द करून आणणं, दोन्ही त्याच्या डाव्या हातचा मळ.

"पद्मे, रडतेस काय? मला आधी नाही सांगायचं?"

"ह्यांना कळू देऊ नकोस."

"कळायला मी काय ढोल वाजवतोय?"

तीन आठवड्यांत ऑर्डर बदलून आली. अधिकारी, पण घाटकोपर शाखा. भाऊ स्वतः पेढे घेऊन मुलुंडला आला. "भांडुप, कांजूर, विक्रोळी, की आलं घाटकोपर! तेही गर्दीच्या आधी. दुपारी माझ्याकडे जेवा, आमची ही तुमची वाट बघेल," तो म्हणाला. "साहेबही झालात आणि घरही सुटलं नाही. याला म्हणतात झकास!" माईंनी देवापुढे साखर ठेवली. विद्याधर ऑर्डर हातात घेऊन बसला होता. त्याने पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवला आणि कितीतरी महिन्यांनी फरशीवर आडवा झाला. घड्याळ छातीवर, हात डोळ्यांवर. पद्मजाला हायसं वाटलं. ती स्वयंपाकघर आवरून आली, सवयीने तिने त्याच्या पायांकडे बघितलं, आणि जागीच थांबली.

बोटं हलत नव्हती. विद्याधर गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं. छातीवरचं घड्याळ घसरून फरशीवर पडलं होतं. बँकेची वेळ टळून गेली तरी तो उठला नाही. लोटलेल्या दारातून मांजर आत आलं, त्याच्या पायांना वळसा घालून निवांतपणे आत गेलं, आणि तिने त्याला हाकललंही नाही. झोपलेल्या माणसाकडे ती बघत राहिली. तो म्हातारा दिसत होता. सगळं होऊन गेलेल्या माणसासारखा, समाधानी.

खालून दशरथचा आवाज आला, "विद्याऽऽ! रांग लागलीय रे खाली, माई झोपवतेय की काय?" तेव्हा विद्याधर दचकून उठला. तिच्याकडे बघून ओशाळला. "झोप लागली गं," तो म्हणाला, आणि घाईघाईने निघून गेला. त्या दिवशी तो मांजराचं बोलला नाही. मांजर तर घरातच होतं.

ती दुपार पद्मजानं घरात येरझारा घालत काढली. या खिडकीपाशी जा, त्या खिडकीपाशी जा. पानावर बसली, उठली. त्याच्या पायांतली ती हालचाल नाहीशी झाली नव्हती; ती जणू हिच्याकडे येऊन राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घाटकोपरला गेली.

"काय म्हणतेस?" भाऊ ओरडलाच. "अगं, बदली रद्द व्हावी म्हणून लोक माझ्या पाया पडतात. रद्द झालेली परत द्या म्हणणारी तू पहिलीच! भांडलात की काय?"

"नाही."

"मग सुख बोचतंय तुम्हाला!"

"हो," पद्मजा म्हणाली. "तसंच असेल."

भाऊने कपाळावर हात मारला. "हे बघ, मी शब्द टाकून आलोय. आता परत जाऊन माझं हसं करून घेणार नाही. त्याला जायचं असेल तर त्याने स्वतः हेड ऑफिसला जावं आणि सांगावं, मला किनवटच पाहिजे. तोंडाने सांगावं. बघू जमतं का त्याला."

रविवारी संध्याकाळी विद्याधर मिठागरांकडे निघाला तेव्हा ती बरोबर निघाली. इतक्या वर्षांत ती कधी तिकडे गेली नव्हती. वारा खारट होता. बांधावरून चालताना ती दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा त्याने हात दिला.

"घाटकोपर मी करवलं," ती म्हणाली. "भाऊला मीच सांगितलं होतं."

तो थांबला. मिठाच्या ढिगांवर ऊन तिरपं पडलं होतं. ती त्याच्या ओरडण्याची वाट बघत राहिली.

"मला ठाऊक नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "पण पद्मा, ऑर्डर वाचली तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. हातपायच सैल पडले. तुझ्यावर रागवायचं तर आधी माझ्यावर रागवायला हवं."

"मग राहायचं का?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "आजवर सगळं मीच हातात देत आले. हे नाही देणार. भाऊ म्हणतो, तुम्ही स्वतः जाऊन मागितलं तर होईल."

"लोक हसतील."

"हसतील की."

सोमवारी तो सकाळीच फोर्टला हेड ऑफिसला गेला. दुपारी पद्मजानं सवयीने तवा ठेवला, तापू दिला आणि बंद केला. तिन्हीसांजेला जिन्यात चपला वाजल्या. तो दारात उभा राहिला. शर्ट घामाने चिकटलेला, केस विस्कटलेले. दशरथचा अवतार असायचा तसा.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"साहेबाने तीनदा विचारलं, नक्की ना. तिन्ही वेळा हो म्हणालो." तांब्या स्वतः उचलून तो घटाघट पाणी प्यायला. "किनवट."

पुढचं सगळं सुखाचं झालं असं म्हणता येणार नाही. किनवटला पहिल्याच वर्षी त्याला कावीळ झाली. खिचडी करायला शिकला, ती खालून लागायचीच. एकदा कर्जाच्या बाबतीत चुकला आणि मेमो मिळाला. दिवाळीला आला तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखं त्याने ते सगळ्यांना सांगितलं, आणि माई उठून आत गेल्या. त्यांनी शेवटपर्यंत त्याला माफ केलं नाही. आता रिकाम्या झालेल्या दुपारी पद्मजाला खायला उठायच्या. त्या बुजवायला ती गव्हाणपाड्यातल्या बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. आधी मुलं तिला जुमानेनात, नंतर ती मुलांना जुमानेनाशी झाली. एका मे महिन्यात ती जयंतीला घेऊन किनवटला गेली, तर बाजारातली एक बाई भर रस्त्यात विद्याधरला अर्ध्या तेलुगूत झापत होती आणि तोही तिला अर्ध्या तेलुगूत उत्तर देत होता, हात नाचवत, मोठ्याने. बाई वळली तेव्हा दोघंही हसत होते. तो आवाज पद्मजाने आधी कधी ऐकला नव्हता. त्या दुपारी तो आडवा झाला नाही. शाखेत माणसं थांबली होती.

पण हे सगळं नंतरचं. तिला आठवतो तो निघायचा दिवस.

गाडी संध्याकाळची होती, पण तो जेवून लगेच निघाला. माईंनी वळकटीत लोणचं, मेतकूट, दोन उशा, सगळं बांधलं होतं. त्याने उशा काढून ठेवल्या. भाऊ टॅक्सी पाठवतो म्हणाला होता, तीही नको म्हणाला. जयंती त्याला बिलगली, मग शाळेची वेळ झाली म्हणून पळाली. माई देवघरातून बाहेर आल्या नाहीत. त्याने उंबऱ्यातूनच नमस्कार केला.

पद्मजा दारात उभी होती. त्याने घड्याळ बांधलं. एका खांद्यावर वळकटी, दुसऱ्या हातात बॅग, असा तो वाकडा होऊन जिना उतरू लागला. असलं ओझं त्याने कधी उचललं नव्हतं. वळणावर वळकटी भिंतीला घासली आणि चुना खाली पडला. ती मदतीला पुढे झाली आणि मग थांबली. वळणापलीकडे तो दिसेनासा झाला. चपला खाली खाली जात राहिल्या. खालच्या मजल्यावर कुठेतरी त्या क्षणभर थांबल्या, आणि रोजच्याच आवाजात तो म्हणाला,

"पद्मा, दार लावून घे. मांजर येईल."